सूनबाईच्या व्हिसाची वाट बघताना

बाळा, मांडव उतरला, तू न्यू जर्सीला परत गेलास आणि सूनबाई कोल्हापुरात राहिली. आता तुमचा अर्ज सरकारी टेबलांवरून सरकत राहणार, आणि मधे महिनोन्‌महिने काहीच हलत नाहीये असं वाटणार. आपल्या घरातली, मंडळातली कितीतरी जोडपी या रांगेतून गेलेली मी जवळून पाहिली आहेत. रांग कुणालाच टळली नाही. पण एखादं स्पेलिंग, एखादी तारीख, एखादी न उघडलेली ईमेल यांमुळे काहींची वाट विनाकारण लांबली. तेवढी तरी तुमची लांबू नये म्हणून हे सांगते. दोघांनी व्हिडिओ कॉलवर बसून एकत्र वाचा, आणि वाचताना एकमेकांकडे बोट दाखवायचं नाही.

आधी रांग ओळख.

१. तू नागरिक आहेस की ग्रीन कार्डवाला, यावर सगळं ठरतं — नागरिकाच्या जोडीदाराला दरवर्षीच्या व्हिसांची मर्यादा नसते. ग्रीन कार्डवाल्याचा जोडीदार एफ२ए वर्गात जातो आणि तिथे मर्यादा असते. म्हणून शेजाऱ्याच्या बायकोला किती दिवस लागले हे ऐकण्याआधी तो कोणत्या रांगेत होता ते विचार.

२. ग्रीन कार्ड नोकरीतून मिळालं असेल तर ते मिळाल्याची तारीख आणि लग्नाची तारीख शेजारी ठेवून बघ — लग्न आधीचं असेल तर बायको तुझ्याच जुन्या अर्जाच्या आधाराने ‘फॉलोइंग टू जॉइन’ म्हणून येऊ शकते, नवी रांग लागत नाही. ज्या मित्रांचं लग्न ठरतंय आणि ग्रीन कार्डही जवळ आलंय, त्यांना सांग की भटजींबरोबर वकिलालाही मुहूर्त दाखवा.

३. लग्नाचं प्रमाणपत्र हातात पडलं की बायकोसाठीचा आय-१३० अर्ज रेंगाळू देऊ नकोस — तो यूएससीआयएसकडे, म्हणजे अमेरिकेच्या स्थलांतर खात्याकडे, ज्या दिवशी दाखल होतो ती तुमची प्रायॉरिटी डेट, आणि एफ२एमध्ये पुढचा नंबर तिच्यावरूनच लागतो. ‘दिवाळीनंतर निवांत भरू’ म्हणालास तर ती दिवाळी तुलाच महाग पडेल.

४. आय-७९७ नावाची पावती आली की तिचा फोटो दोघांच्या फोनमध्ये ठेवा — तीन अक्षरं आणि दहा आकडे असलेला त्यावरचा नंबर विचारल्याशिवाय पुढे तुमच्याशी कुणी बोलणार नाही.

५. व्हिसा बुलेटिन महिन्यातून एकदाच बघ — ते निघतंच महिन्यातून एकदा. त्यात दोन तक्ते असतात: ‘फायनल अ‍ॅक्शन डेट्स’ वरून व्हिसा कधी मिळेल ते कळतं, ‘डेट्स फॉर फायलिंग’ वरून कागद कधी पाठवता येतील ते.

६. बुलेटिनमधली तारीख एखाद्या महिन्यात मागे गेली तर जेवण सोडू नकोस — वर्षाचा कोटा संपत आला की ती मागे घेतात, आणि त्यांचं सरकारी वर्ष १ ऑक्टोबरला नव्याने सुरू होतं.

७. ग्रीन कार्डाला ५ वर्षं होत आली असतील तर नागरिकत्वाचा एन-४०० अर्ज ९० दिवस आधी भरता येतो, तो दिवस चुकवू नकोस — नागरिक झालास की प्रमाणपत्राची प्रत पाठवून बायकोचा अर्ज एफ२एमधून बाहेर काढता येतो. मात्र पदरात मूल असेल तर त्याच्यासाठी वेगळा आय-१३० लगेच भर, कारण नागरिकाच्या बायकोच्या अर्जात मुलं आपोआप धरली जात नाहीत. ही गोष्ट फार जणांना फार उशिरा कळते.

आता नावं. इथे थोडं थांबून वाच, कारण आपल्या मराठी माणसांची निम्मी अडचण इथेच आहे.

८. सूनबाईचे सगळे कागद एका चादरीवर पसरून प्रत्येकावरचं नाव मोठ्याने वाचा — शाळेच्या दाखल्यावर आडनाव आधी, पासपोर्टवर वडिलांचं नाव तिच्या नावाला चिकटलेलं, लग्नानंतरच्या आधारवर मधे नवऱ्याचं नाव आणि सासरचं आडनाव. आपल्याला त्यात एकच पोरगी दिसते, पण लग्न झालं की मधलं नावही बदलतं हे माहीत नसलेल्या माणसाला तीन वेगळ्या बायका दिसतात.

९. अर्जात ‘वापरलेली इतर नावं’ असा रकाना असतो, तो रिकामा सोडू नका — माहेरचं पूर्ण नाव, सासरचं पूर्ण नाव, दाखल्यावरचं वेगळं स्पेलिंग, सगळं तिथे लिहिलं की पुढे खुलासा मागायला जागा उरत नाही. जोडीला ‘या सर्व नावांची व्यक्ती मीच’ असं प्रतिज्ञापत्र करून ठेवा. नाव एक तर फेरी एक, नावं चार तर फेऱ्या बारा.

१०. नाव बदलायचं की नाही हे दोघांनी आजच ठरवा, आणि सासूबाईंना काय वाटेल हा प्रश्न त्यात आणू नका — लग्नानंतर नाव बदलायची कायद्याने सक्ती नाही. बदलायचंच असेल तर अर्जाआधी सगळीकडे बदला, नाहीतर अमेरिकेत पोचल्यावर. अर्ज चालू असताना मधेच बदललेलं नाव प्रत्येक टेबलावर नव्याने समजावून सांगावं लागतं.

११. जन्मदाखल्यावर बाळाच्या नावाचा रकाना कोरा आहे का ते पोरी तू आजच बघ — पुष्कळ जुन्या दाखल्यांवर नुसतं ‘स्त्री’ आणि आईवडिलांची नावं असतात. ग्रामपंचायतीत किंवा महापालिकेत अर्ज करून नाव चढवून घे; मुलाखतीची तारीख आल्यावर धावशील तर तिथला कारकून तुझ्या घाईने धावणार नाही.

१२. विवाह नोंदणी राहिली असेल तर पुढच्या भारतफेरीत ती उरक — महाराष्ट्रातल्या १९९८च्या कायद्याप्रमाणे निबंधकाकडे नोंद होऊन मिळालेलं प्रमाणपत्रच चालतं, कार्यालयाची पावती किंवा पत्रिका नाही. नोंदणीला तुम्ही दोघं लागता, साक्षीदार लागतात, अर्जावर भटजींची सही लागते. रजा दोन आठवड्यांची असेल तर भटजींचा नंबर आधीच घेऊन ठेव. गोव्याकडची सोयरीक असेल तर तिथे सिव्हिल रजिस्ट्रारकडे होणारी नोंद हाच लग्नाचा खरा कागद, तो मिळाल्याशिवाय परतीच्या विमानात बसू नकोस.

१३. तारीख लिहिताना महिना अक्षरात लिही — आपली ०४/०७ म्हणजे ४ जुलै, त्यांची ०४/०७ म्हणजे ७ एप्रिल, आणि एकाच लग्नाच्या दोन तारखा दिसल्या की तिसरं पत्र येतं. फॉर्ममध्ये आकडेच मागितले असतील तर आधी महिना, मग दिवस.

१४. मराठी कागदाबरोबर इंग्रजी भाषांतर जोड, आणि ‘मला दोन्ही भाषा येतात, भाषांतर पूर्ण आणि बरोबर आहे’ असं लिहून भाषांतर करणाऱ्याची सही घे — ते दोन ओळींचं निवेदन नसेल तर उत्तम भाषांतरही अपुरं ठरतं.

१५. दोघांपैकी कुणाचं आधीचं लग्न मोडलेलं असेल तर न्यायालयाचा अंतिम हुकूमनामा पहिल्या दिवसापासून फाइलमध्ये ठेवा — नव्या लग्नाआधी जुनं कायद्याने संपलेलं आहे हे त्यांना कागदावर बघायचं असतं. यात लाजण्यासारखं काही नाही आणि लपवण्यासारखं तर मुळीच नाही.

१६. पाठवलेल्या प्रत्येक पानाची प्रत जपून ठेव — पुढे डीएस-२६० हा व्हिसाचा फॉर्म भरताना, मुलाखतीत, सगळीकडे तेच प्रश्न पुन्हा येतात, आणि दोन वर्षांपूर्वी काय लिहिलं होतं हे कुणालाच आठवत नाही.

लग्न खरं आहे हे तुम्हाला माहीत आहे, गावाला माहीत आहे. टेबलापलीकडच्या माणसाला ते कागदावरूनच कळणार.

१७. अल्बममधले तीनशे फोटो पाठवू नकोस, निवडक पाठव — साखरपुडा, लग्न, दोन्हीकडची मंडळी, आणि नंतर तू भेटायला गेलास तेव्हाचे. प्रत्येकाखाली कोण, कुठे, कधी ते लिही. नावं नसलेला फोटो म्हणजे त्यांच्या लेखी अनोळखी माणसांची पंगत.

१८. बोलण्याचे पुरावे थोडे पण सलग ठेवा — दर महिन्याचं एखादं पान, विमानाची तिकिटं, तिच्या खात्यात पाठवलेले पैसे, विम्यात आणि बँकेत एकमेकांची नामनिर्देशनं. एका आठवड्यात जमवलेला गठ्ठा ओळखू येतो, वर्षभर साठत आलेली पातळ फाइलही ओळखू येते.

१९. लग्नानंतरच्या टॅक्स रिटर्नमध्ये स्वतःला ‘सिंगल’ लिहू नकोस — एका सरकारी खात्याला अविवाहित आणि दुसऱ्याला विवाहित सांगितलेलं मुलाखतीत पुढे येतं. ‘मॅरीड फायलिंग सेपरेटली’ सोयीचं की तिच्यासाठी आयटीआयएन हा करक्रमांक काढून एकत्र भरणं, ते हिशेबनीसाला विचार.

आता तो लांब, शांत काळ.

२०. अर्जाची स्थिती बघायला आठवड्यातला एक वार ठरव, समजा सोमवार — रोज बघून अर्ज पुढे जात नाही, फक्त रोज दिवस खराब सुरू होतो. पोरी, तूही पहाटे उठून आधी पोर्टल उघडू नकोस, आधी चहा.

२१. यूएससीआयएसच्या संकेतस्थळावर तुझी दाखल तारीख घालून ‘केव्हा विचारता येईल’ ते बघ आणि तोवर चौकशी टाकू नकोस — त्या दिवसाआधीच्या प्रश्नाला ‘नेहमीच्या मुदतीत आहे’ एवढंच उत्तर येतं. तो दिवस उजाडला की मात्र संकोच करू नकोस.

२२. त्यांचे ईमेल पत्ते संपर्कयादीत घाल आणि स्पॅमची पेटी सोमवारीच झाड — वर्षभर ज्याची वाट बघितली ते पत्र कचऱ्यात पडून मुदत गेलेली मी पाहिली आहे.

२३. घर बदललंस तर १० दिवसांत पत्ता कळव, आणि चालू अर्जावरही तो बदलला आहे ना ते बघ — नुसता पोस्टाला सांगितलेला पत्ता त्यांच्यापर्यंत पोचत नाही.

२४. जास्तीचा पुरावा मागणारं पत्र आलं तर घाबरू नकोस, पण अर्धं उत्तरही पाठवू नकोस — सगळं एकदाच पाठवायचं असतं. जे आलं तेवढ्यावरच ते निर्णय देतात. घाईचं पाकीट, महिन्यांची भरपाई.

२५. ‘पैसे भरून लवकर’ ही सोय आय-१३०ला नाही — प्रीमियम प्रोसेसिंग काही नोकरीच्या अर्जांना असतं, नवराबायकोच्या नाही. म्हणून मुंबईत किंवा एडिसनमध्ये कुणी ‘आतली ओळख आहे’ म्हणालं तर चहा पाजून वाटेला लाव. जो घाई विकतो, तो उद्या भीतीही विकेल.

२६. कायदेशीर सल्ला परवानाधारक वकिलाचा किंवा न्याय खात्याने मान्यता दिलेल्या प्रतिनिधीचाच घे — फॉर्म भरून देणाऱ्याने चूक केली तरी खाली सही तुझी असते.

२७. खरंच आणीबाणी आली, म्हणजे गंभीर आजारपण किंवा तसंच काही, तर ‘एक्सपेडाइट’ची, म्हणजे अर्ज लवकर बघण्याची, विनंती कागदांसह कर — त्यांच्याकडे त्याचे निकष ठरलेले आहेत. विरह हा त्यांच्या यादीत नाही. तो सगळ्याच अर्जांत असतो असं ते धरतात, आणि ते वाचून तुझ्या पोटात तुटलं तर मला फोन कर.

२८. मुदत उलटून गेली तर तुझ्या मतदारसंघाच्या काँग्रेस सदस्याच्या कार्यालयात जा — तुझी लेखी परवानगी घेऊन ते चौकशी करतात, हे त्यांचं नेहमीचंच काम आहे आणि त्याला पैसे पडत नाहीत. निर्णय ते देऊ शकत नाहीत, पण अडकलेली फाइल कुठे आहे हे पुष्कळदा कळतं. मतदार नसलास, नुसता ग्रीन कार्डवाला रहिवासी असलास, तरी जाऊन विचार.

२९. कोर्टातून ‘मॅन्डॅमस’चा आदेश मागता येतो, पण ते अगदी शेवटचं — खर्च आहे, आणि कोर्टही यूएससीआयएसला ‘निर्णय द्या’ एवढंच सांगतं, ‘होकार द्या’ नाही.

३०. आय-१३० मंजूर झाला म्हणजे व्हिसा आला असं समजून पेढे वाटू नका — फाइल मग न्यू हॅम्पशायरमधल्या पोर्ट्‌समथला, नॅशनल व्हिसा सेंटरला जाते. तिथे मुंबईच्या फाइलींना ‘बीएमबी’ने सुरू होणारा नंबर मिळतो, तो आला की घरात गोड करा, पण बॅगा माळ्यावरच राहू द्या.

३१. तिथली दोन शुल्कं, ३२५ आणि १२० डॉलर, आली तशी लगेच भर — भरल्याशिवाय पुढचा फॉर्म उघडतच नाही.

३२. व्हिसा सेंटरच्या पोर्टलमध्ये मधूनमधून लॉग इन करत जा, आणि कागद अडले असतील तरी एक प्रश्न पाठवून ठेव — वर्षभर तुमच्याकडून काहीच हालचाल नसेल तर अर्ज संपवण्याची प्रक्रिया सुरू होऊ शकते.

३३. आय-८६४ हे आधाराचं हमीपत्र भरताना घरातली माणसं नीट मोज — तुझं उत्पन्न सरकारी दारिद्र्यरेषेच्या १२५ टक्के लागतं आणि ती रेषा माणसांच्या संख्येवर ठरते. टॅक्सची ट्रान्सक्रिप्ट आयआरएस या कर खात्याकडून फुकट मिळते, त्याला कुणाला पैसे देऊ नकोस.

३४. उत्पन्न कमी पडलं आणि काकांची सहप्रायोजक म्हणून सही मागितलीस तर आधी त्यांना सगळं सांग — ही हमी सूनबाई नागरिक होईपर्यंत किंवा तिच्या नावे ४० तिमाहींचं काम जमा होईपर्यंत चालते, आणि घटस्फोटानेही संपत नाही. जेवणानंतर आरामात सांग आणि त्यांना दोन दिवस विचार करू दे. नात्यात घाईने घेतलेली सही फार दिवस बोचते.

३५. पोलिसांचा दाखला, म्हणजे पीसीसी, फार आधी काढू नका — त्यालाही मुदत असते. पोरी, पासपोर्टवरचा पत्ता माहेरचा आणि तू राहतेस सासरी असं असेल तर पडताळणीला येणारा हवालदार दोन दारं हिंडतो. अर्जात सध्याचा पत्ता स्वच्छ लिही आणि शेजाऱ्यांना सांगून ठेव.

आता कागद बाजूला ठेवा. हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण व्हिसा उशिरा आला तरी येतो. पण वाट बघण्यात दोन माणसं एकमेकांवर चिडायला लागली तर ते कुठल्याच पोर्टलवर दिसत नाही.

३६. फोनची वेळ ठरवून घ्या आणि ती पाळा — उन्हाळ्यात तुमच्यात साडेनऊ तासांचं अंतर, हिवाळ्यात साडेदहा. नोव्हेंबरात तुझं घड्याळ बदललं की तिचा फोन तासभर चुकतो आणि विनाकारण रुसवा होतो.

३७. रोजच्या फोनमध्ये अर्जाचं बोलणं पाच मिनिटांपुरतंच — बाकी वेळात भाजी काय केली, ऑफिसात कोण काय म्हणालं, हे बोला. नवराबायकोचं नातं असल्या फालतू वाटणाऱ्या बोलण्यानेच मुरतं, आणि ज्यांचं सगळं बोलणं व्हिसापुरतं उरलं त्यांना एकत्र आल्यावर काय बोलावं ते सुचेना.

३८. ‘मग, कधी जाणार?’ याला दोघांनी, दोन्ही घरांनी, एकच उत्तर ठरवा — ‘काम चालू आहे, झालं की पेढे आणून देऊ.’ वेगवेगळ्या तारखा सांगितल्या की भावकी हिशेब मांडत बसते, आणि त्याचा त्रास तुला न्यू जर्सीत नाही, तिला कोल्हापुरात होतो.

३९. तिने कुठे राहायचं हे तिलाच ठरवू दे — सासरी, माहेरी की नोकरीच्या गावी वसतिगृहात, तिला बरं वाटेल तिथे. तू नसलेल्या घरात ‘सून’ म्हणून राहणं सोपं नाही. आईला तूच स्वतः फोन करून सांग, हा निरोप बायकोच्या तोंडून जाऊ देऊ नकोस.

४०. पोरी, नोकरी सोडू नकोस — व्हिसा पासपोर्टात लागल्यावर यायला साधारण ६ महिन्यांपर्यंत मुदत असते, त्यात तुझा तीन महिन्यांचा नोटीस पिरियडसुद्धा बसतो. ‘आता काय, जाणारच आहे’ म्हणून घरी बसलेल्या मुलींचे ते महिने फार जड गेले. स्वतःचा पगार हातात असणारीला वाट लहान वाटली.

४१. या काळात विद्यापीठातून ट्रान्सक्रिप्ट काढून ठेव, गाडी नीट चालवायला शीक, दातांची कामं उरकून घे — तिकडे दाताचा डॉक्टर फार महाग आणि शिवाजी विद्यापीठ फार लांब. नर्स, फार्मसिस्ट, शिक्षिका असशील तर त्या राज्याचा परवाना कसा मिळतो ते आत्ताच वाचायला घे.

४२. बाळा, तू दरवर्षी तिच्याकडे जा, जमलं तर दिवाळसणाला — पहिल्या दिवाळसणाची जावयाची रिकामी जागा तिच्या आईवडिलांना किती टोचते ते ते तुला सांगणार नाहीत. पण ग्रीन कार्डावर असशील तर एका वेळी ६ महिन्यांच्या आत परत ये, नाहीतर नागरिकत्वासाठीचा सलग राहण्याचा हिशेब बिघडू शकतो.

४३. तिला पर्यटक व्हिसावर आणायचा मोह झाला तर त्या अर्जात सगळं खरं लिहा — तुमच्यासाठी कुणी स्थलांतराचा अर्ज केला आहे का, असं तिथे सरळ विचारलेलं असतं. नकार मिळाला तरी मूळ अर्ज चालूच राहतो. खोटं सापडलं तर दार कायमचं बंद होऊ शकतं.

४४. पहिल्या संक्रांतीला हलव्याचे दागिने, मंगळागौर, वाढदिवस, सगळं करा, ‘तिकडे गेल्यावर करू’ म्हणून ठेवू नका — वाटेतले दिवसही तुमच्याच संसाराचे आहेत.

४५. दिवस राहिले तर आनंदाने आणि लगेच वकिलाला कळवा — नागरिक बाप अमेरिकेत ५ वर्षं राहिलेला असेल, त्यातली २ वयाच्या चौदाव्या वर्षानंतरची, तर भारतात जन्मलेलं बाळही जन्मापासून अमेरिकी नागरिक ठरू शकतं आणि त्याची नोंद कॉन्सुलेटमध्ये होते. बाप ग्रीन कार्डवर असेल तर बाळाची वाट वेगळी.

४६. भांडण झालं तर झोपण्याआधी, तुझ्या किंवा तिच्या, एक साधा निरोप जाऊ दे — हजारो मैलांवरचं मौन दुसऱ्याला फार मोठं ऐकू येतं.

आता मुंबईतली मुलाखत.

४७. मुलाखतीचं पत्र आलं की वैद्यकीय तपासणी कॉन्सुलेटने नेमलेल्या डॉक्टरकडेच करा, आणि वेळ हातात ठेवून — छातीच्या एक्स-रेत शंका आली तर थुंकीची तपासणी लागते आणि तिच्या कल्चरला सुमारे ८ आठवडे लागतात. लहानपणी क्षयावर उपचार झालेले असतील तर ते जुने कागद आणि लसीकरणाचं कार्ड शोधून बरोबर न्या.

४८. आदल्या दिवशी मुंबईत मुक्काम करा — स्थलांतराच्या व्हिसाचं काम वांद्रे-कुर्ला संकुलातल्या कॉन्सुलेटमध्ये चालतं, आणि पहाटे कोल्हापूरहून सुटलेली गाडी घाटात अडकली तर सांगायचं कुणाला? मोबाइल आणि बॅगा आत नेता येत नाहीत, त्यासाठी बाहेर घरचं माणूस उभं असू दे.

४९. मुलाखतीत पाठ केलेलं बोलू नकोस पोरी, जसं घडलं तसं सांग — कांदेपोह्यांचा कार्यक्रम, पत्रिका, मधले मामा, हे सगळं मुंबईतल्या अधिकाऱ्यांनी हजारदा ऐकलेलं असतं. नवरा काय काम करतो, कुठल्या गावात राहतो, भावंडं किती, शेवटचा कधी भेटला, एवढं सहज यायला हवं. इंग्रजीत अडखळत असशील तर मराठीत बोलता येईल का ते आधीच विचार.

५०. ‘२२१(जी)’ची चिठ्ठी हातात पडली तर रडत बाहेर येऊ नकोस, ती आधी वाच — पुष्कळदा त्यात एखादा राहिलेला कागद मागितलेला असतो, तो दिला की काम पुढे जातं. ‘अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्ह प्रोसेसिंग’ लिहिलं असेल तर थांबायला लागतं, आणि त्यात तुझं काही चुकलेलं नसतं.

५१. पासपोर्ट व्हिसासह हातात आल्याशिवाय तिकीट, राजीनामा, घरभाडं, फर्निचर यातलं काहीही नाही — आल्यावर पहिल्यांदा नाव, जन्मतारीख आणि शेवटची तारीख वाचा, चूक असेल तर विमानाआधीच दुरुस्त होते. पाकीट दिलं असेल तर ते फोडायचं नाही, ते विमानतळावरचा अधिकारी फोडतो.

५२. उशिराचा एक फायदा माझ्याकडून ऐकून ठेव — ती उतरेल त्या दिवशी लग्नाला २ वर्षं पूर्ण झालेली असतील तर तिला १० वर्षांचं कार्ड मिळतं. लग्नाला दोन वर्षं होण्याआधी व्हिसा निघाला असेल आणि दरम्यान ती पूर्ण झाली असतील, तर विमानतळावर लग्नाचं प्रमाणपत्र दाखवून तसं सांगा.

५३. पासपोर्टात उतरल्याचा शिक्का बसला की तो व्हिसाच वर्षभर ग्रीन कार्डासारखा चालतो, म्हणून कार्ड पोस्टाने यायला वेळ लागला तरी कामाला लागायला हरकत नाही — डीएस-२६०मध्ये सोशल सिक्युरिटीच्या चौकटीवर खूण केली होती ना, ते मात्र आजच तपास.

५४. लग्नाला दोन वर्षं होण्याआधी आली तर कार्डही दोनच वर्षांचं, आणि ते संपण्याआधीच्या ९० दिवसांत, कार्ड पुढे चालू राहावं म्हणून, आय-७५१ अर्ज दोघांनी मिळून भरायचा — ती तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरात, फोनमध्ये आणि माझ्या डायरीत, तिन्हीकडे लिहा. तेव्हा पुन्हा एकत्र संसाराचे कागद लागतील: भाड्याचा करार, बँकेचं खातं, विमा, टॅक्स. पहिल्या महिन्यापासून दोघांच्या नावाने काढत जा, आणि सूनबाई आली की पहिल्याच रविवारी तिला घेऊन जेवायला ये. पुढचे फॉर्म जेवणानंतर टेबलावर बसून बघू.